दरीच्या काठावर आम्ही दोघी जावा

गटाच्या बैठकीत तुम्ही आग्रह धरलात, की अमेरिकेतली ती मोठी दरी पाहून आलात तर रेडिओवर सांगा. म्हणून आम्ही दोघी जावा आज माइकसमोर बसलोय. एक अडखळली तर दुसरी सावरून घेईल.

थोरलीचा मुलगा फिनिक्स शहरात नोकरीला आहे. ऑक्टोबरात आम्ही त्याच्याकडे होतो. तिथून ग्रँड कॅन्यन गाडीने साधारण चार तासांवर.

आधी एक कबुली. निघायच्या आदल्या रात्री थोरली म्हणाली, "तुम्ही बघून या. मी गाडीत बसते, पिशव्या सांभाळते." तिचे गुडघे दुखतात हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. जेजुरीला पायऱ्यांखाली चपला सांभाळत बसणारी एक बाई प्रत्येक घरात असते. आमच्या घरात तीस वर्षं ती थोरली होती. आपल्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा नको, हे तिच्या अंगात भिनलेलं. सून म्हणाली, "आई, तिथं चढायचं काही नाही. गाडीतून उतरलं की दरी समोर."

आणि तसंच निघालं. आपल्याकडे डोंगर खालून दिसतो, मग चढायचं. तिथं उलटं. सपाट पठारावरून, पाइनच्या झाडांतून गाडी जाते, आणि एकाएकी जमीन संपते. ते पठारच सुमारे 2,100 मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे गाडी लावतो ती जागाच कळसूबाईच्या वर! त्यामुळे चार पावलं भरभर टाकली तरी दम लागतो. घाबरू नका, सावकाश चाला.

पहिली जागा माथर पॉइंट. बहुतेक लोक दरी प्रथम इथूनच पाहतात. कठडा आहे, वाट पक्की आहे, चाकाची खुर्चीसुद्धा जाते. दरी किती मोठी? लांबी 446 किलोमीटर, काही ठिकाणी रुंदी 29 किलोमीटर, खोली दीड किलोमीटरहून जास्त. आकडे ऐकून काही कळत नाही, हे आम्हालाही मान्य. आम्ही महाबळेश्वरचा आर्थर सीट पाहिलेला, त्यामुळे मनात तेच माप होतं. ते माप तिथं पुरलं नाही. तांबडे, पिवळे, करडे थर, एकावर एक पोळ्यांची चळत ठेवावी तसे. थोरली कठडा धरून बराच वेळ काही बोलली नाही.

तिथून काठाकाठाने गेलं की यावापाई पॉइंट. इथं एक छोटं संग्रहालय आहे, आणि तिथून एक वाट सुरू होते, ती आम्हाला सगळ्यांत आवडली. वाटेवर दर मीटरला धातूची खूण. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा, म्हणजे तिथल्या 66 पावलांवर. आम्ही पावलं मोजली आणि 66 वर थांबून मागं पाहिलं. दरीचा सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात नवा थर अजून पुढे, 270 च्या आसपास. तळाच्या खडकाला तर पावणेदोन किलोमीटर चालावं लागतं. त्या तळाच्या खडकाला नाव काय आहे माहीत आहे? विष्णू! दरीतल्या सुळक्यांना विष्णू, शिव, ब्रह्मा अशी नावं आहेत. डटन नावाच्या भूशास्त्रज्ञानं 1880 च्या सुमारास हा प्रकार सुरू केला. नातवानं हे वाचून दाखवलं, तेव्हा आमच्यातल्या एकीचा हात आपसूक जोडला गेला. कोणाचा ते सांगत नाही.

यावापाईवरून खाली दूरवर झाडांचा एक हिरवा ठिपका दिसतो. तिथं हवासुपाई लोक मका, घेवडा, भोपळा पिकवायचे. राष्ट्रीय उद्यान झालं 1919 मध्ये, आणि 1928 मध्ये तिथल्या शेवटच्या हवासुपाई माणसालाही बाहेर काढलं. त्या जागेला त्यांचं नाव मिळालं 2022 मध्ये. धरणाखाली गाव गेलेल्या बायका आपल्या गटात आहेत, त्यांना हे वेगळं समजावायला नको. ते लोक आजही दरीतच दुसरीकडे, सुपाई गावात राहतात. तिथं मोटार जात नाही, टपाल खेचरांवरून जातं.

पाण्याचंही सांगतो, कारण आम्ही दुष्काळी पट्ट्यातल्या, नळ दिसला की आधी पाणी कुठून येतं ते विचारतो. या काठावर झरा नाही, विहीर नाही. समोरच्या उत्तर काठाखालच्या झऱ्याचं पाणी पाइपातून दरीत उतरवतात आणि पंपानं इकडे वर चढवतात. पाइप जुना, वारंवार फुटतो. आपल्याच नळयोजनेची गोष्ट ऐकतोय असं वाटलं. बाटल्या भरून घ्या, पाणी सांडू नका.

पूर्वेकडे सुमारे 40 किलोमीटरवर डेझर्ट व्ह्यू. इथं 70 फुटांचा दगडी बुरूज आहे, आणि तो उभारला एका बाईच्या आराखड्यावरून. तिचं नाव मेरी कोल्टर. 1932 चं बांधकाम, आतून पोलादी सांगाडा, बाहेरून दगड, पण पाहणाऱ्याला वाटावं शेकडो वर्षांचा आहे. आतल्या भिंतींवर होपी चित्रकार फ्रेड काबोटी यांची चित्रं आहेत. धाकटी वर चढली, थोरली खाली बाकावर बसली. पण खालूनही कोलोरॅडो नदीचं वळण दिसतं, त्यामुळे तिचं काही बुडलं नाही. नदी माथर पॉइंटवरून नीट दिसत नाही, म्हणून ही जागा चुकवू नका.

संध्याकाळी पश्चिमेच्या रस्त्यावर होपी पॉइंट. मार्च ते नोव्हेंबर तिथं खासगी गाड्या नेत नाहीत, फुकट बस असते. चढतानाच चालकाला विचारा, कारण परतीची बस प्रत्येक थांब्यावर थांबत नाही. सूर्य खाली गेला तसे थर एकेक करून विझत गेले, आधी तळ, मग मधले, शेवटी माथे. आणि लगेच थंडी! स्वेटर आम्ही गाडीत ठेवलेले. ही चूक तुम्ही करू नका.

आणखी दोन गोष्टी. सगळीकडे कठडा नाही. फोटोसाठी मागं मागं सरकू नका. आमची सून तशी सरकत होती, थोरली तिच्यावर अशी ओरडली की शेजारची गोरी माणसंही दोन पावलं मागं आली. आणि खारींना दाणे टाकायचे नाहीत. आपल्याकडच्या माकडांसारख्या त्या धीट झाल्यात, चावतात. खाली दरीत उतरायच्या वाटा आहेत, पण उतरताना सोपं वाटतं, चढताना जीव जातो. तळाला काठापेक्षा दहा-अकरा अंश जास्त गरम असतं. आम्ही उतरलो नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

रात्री घरी आल्यावर थोरलीनं गावी फोन लावला. भाऊजींनी विचारलं, "काय पाहिलंस?" ती म्हणाली, "सगळं."

पुढच्या महिन्यात गटाची जेजुरीची सहल ठरली आहे. नावं शनिवारपर्यंत द्या. चपला सांभाळायला आता दुसरं कोणी तरी शोधा, किंवा पाळी लावू.