टॅबवर पिकाचे छायाचित्र व चित्रफीत कशी घ्यावी?

(समुद्रपूर येथील शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्या अनेक घरांत टॅब आहे. कोणाच्या मुलाला नागपूरच्या महाज्योती संस्थेकडून परीक्षेच्या तयारीसाठी तो मिळाला, तर कोणी स्वतः विकत घेतला. अभ्यास झाला की तो कपाटात पडून राहतो. हाच टॅब वावरात नेला, तर पिकावरील रोग-किडीचे निदान, सातबाऱ्यावरील पिकाची नोंद आणि नुकसानीचा पुरावा या तिन्ही कामांत आपल्याला उपयोगी पडतो. मात्र त्यासाठी छायाचित्र चांगले असले पाहिजे. येथे चांगले म्हणजे दिसायला सुंदर नव्हे, तर पाहणाऱ्याला नेमके निदान करता येईल असे.

चुकीच्या छायाचित्राची किंमत

2023 च्या खरिपात सप्टेंबर महिन्यात विदर्भात सोयाबीनची वावरेच्या वावरे पिवळी पडली. कोठे पिवळा मोझॅक होता, कोठे मूळकूज व खोडकूज होती, तर कोठे दोन्ही एकत्र होते. धुऱ्यावर उभे राहून घेतलेल्या छायाचित्रात हे सारे सारखेच पिवळे दिसते. उपाय मात्र वेगवेगळे आहेत. पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग असून त्याचा प्रसार पांढऱ्या माशीमुळे होतो. त्यावर बुरशीनाशक फवारले तर पैसे वाया जातात. मूळकुजीवर कीटकनाशक फवारले तरी तेच होते.

येथे प्रश्न केवळ पैशाचा नाही. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. अंदाजाने केलेली प्रत्येक जादा फवारणी हा फवारणाऱ्याच्या जिवाशी खेळ असतो. अचूक निदानाने एक फवारणी जरी टळली, तरी टॅबचे सार्थक झाले असे समजावे.

टॅबचे गुणदोष

टॅबचा पडदा मोठा असल्याने घेतलेले चित्र तेथल्या तेथे नीट तपासता येते आणि चार जणांना एकत्र दाखवता येते. परंतु अनेक स्वस्त टॅबचा कॅमेरा मोबाईलपेक्षा साधा असतो. काहींमध्ये फ्लॅश नसतो, तर काहींना फार जवळची वस्तू स्पष्ट टिपता येत नाही. आपल्या टॅबची मर्यादा घरीच तपासावी. वर्तमानपत्राचा कागद भिंतीला लावावा आणि एक वीत, दीड वीत, एक हात अशा अंतरांवरून त्याची छायाचित्रे घ्यावीत. ज्या अंतरावरून बारीक अक्षरे सर्वांत स्पष्ट येतील, तेच अंतर वावरात पाळावे. त्याहून जवळ गेल्यास चित्र मोठे येते, पण धूसर होते. कीड पाहण्याचे साधे भिंग कॅमेऱ्याच्या काचेला लागून धरले, तर तुडतुडे, पांढरी माशी यांसारख्या बारीक किडीही टिपता येतात.

चित्र घेण्यापूर्वी

1. कॅमेऱ्याची काच मऊ, स्वच्छ सुती कापडाने पुसावी. घाम, धूळ व बोटांचे ठसे यांमुळे चित्र धुकट येते.

2. टॅब दोन्ही हातांनी धरून कोपरे छातीला टेकवावीत. टॅब रुंद असल्याने एका हातात तो हलतोच. कॅमेरा सहसा कोपऱ्यात असतो, म्हणून त्यावर बोट येत नाही ना, हे पाहावे.

3. पडद्यावरील बटण दाबताना टॅब हलत असेल, तर आवाज कमी-जास्त करण्याच्या बाजूच्या कळीने चित्र घ्यावे. बहुतेक टॅबमध्ये ही सोय असते.

4. चित्र आपोआप सुंदर करणाऱ्या किंवा रंग गडद करणाऱ्या सर्व सोयी बंद ठेवाव्यात. त्या पिवळसर पानाला हिरवेगार करून दाखवतात आणि रोगाचे लक्षणच झाकले जाते.

5. बोटांनी पडदा ताणून चित्र मोठे करू नये. त्याने तपशील वाढत नाही, उलट चित्र फाटल्यासारखे दिसते. त्याऐवजी स्वतः दोन पावले पुढे जावे.

उजेडाचे भान

सकाळी 8 ते 10 आणि दुपारी 4 नंतरचा उजेड उत्तम असतो. भर दुपारच्या उन्हात पान चमकते व ठिपके दिसेनासे होतात. सकाळी थंडाव्यामुळे किडींची हालचालही मंद असते. सूर्य आपल्या पाठीशी किंवा बाजूला असावा, परंतु आपली सावली झाडावर पडू देऊ नये. दुपारीच चित्र घ्यावे लागले, तर सोबत्याला पांढरे धोतर किंवा दुपट्टा झाडावर ताणून धरायला सांगावे. त्यातून गाळून आलेला उजेड सर्वत्र सारखा पडतो.

आपल्या काळ्या कसदार जमिनीमुळे आणखी एक अडचण येते. चौकटीत काळी माती जास्त आली की कॅमेरा अंधार आहे असे समजून चित्र उजळ करतो आणि पान पांढुरके येते. याउलट वेचणीस आलेल्या पांढऱ्या कापसात किंवा मागे आकाश असताना झाड काळपट येते. यावर उपाय सोपा आहे. पडद्यावर ज्या पानावर किंवा बोंडावर लक्षण आहे, तेथे बोटाने एकदा टिचकी मारावी. क्षणभर थांबून तो भाग स्पष्ट झाला व त्याचा रंग डोळ्यांना दिसतो तसा आला की मगच चित्र घ्यावे.

एक नव्हे, पाच छायाचित्रे

डॉक्टरकडे गेल्यावर रोगी नुसते दुखते असे म्हणून थांबत नाही. कोठे, केव्हापासून, किती, हे सांगतो. पिकाचेही तसेच आहे. तेव्हा प्रत्येक तक्रारीसाठी पुढील पाच छायाचित्रे याच क्रमाने घ्यावीत.

पहिले, संपूर्ण वावराचे. रोग ठिकठिकाणी गोलाकार आहे, ओळीने आहे, सखल भागात आहे की सर्वत्र आहे, हे त्यातून कळते. तणनाशकाचा परिणाम बहुधा फवाऱ्याच्या पट्ट्यांनुसार दिसतो, तर मूळकूज बहुधा ठिकठिकाणी सुरू होते.

दुसरे, एका संपूर्ण रोगट झाडाचे व त्याच्या शेजारी निरोगी झाडाचे. तुलनेशिवाय निदान अवघड जाते.

तिसरे, रोगट भागाचे जवळून. पान तळहातावर किंवा गडद रंगाच्या कापडावर ठेवावे. लक्षण कोवळ्या पानांवर आहे की जुन्या, हे आवर्जून कळवावे. पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर पिवळे व हिरवे वेडेवाकडे चट्टे पडतात. लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. नत्राच्या कमतरतेत जुनी पाने सारखी पिवळी होतात.

चौथे, पानाच्या खालच्या बाजूचे. तुडतुडे, पांढरी माशी व कोळी तेथेच असतात. कपाशीची पाने लाल होतात तेव्हा ते अन्नद्रव्याच्या कमतरतेमुळे आहे की तुडतुड्यांमुळे, हे या चित्राशिवाय सांगता येत नाही.

पाचवे, मुळाचे व खोड चिरून आतल्या भागाचे. सोयाबीनच्या खोडात लालसर पोखरलेली नागमोडी वाट व अळी दिसली तर ती खोडमाशी होय. खोडावर किंवा देठावर दोन चकत्या दिसल्या तर तो चक्रीभुंगा समजावा. तुरीचे वाळलेले झाड चिरल्यावर आत तपकिरी-काळी रेघ दिसली, तर मर रोगाची शंका घ्यावी.

प्रत्येक जवळच्या चित्रात मापासाठी एक रुपयाचे नाणे, पेन किंवा मोजपट्टी ठेवावी. त्यावरून अळीची व डागाची लांबी समजते.

गुलाबी बोंडअळीसाठी

बाहेरून निरोगी दिसणारे बोंड आतून किडलेले असू शकते. म्हणून नुसत्या पऱ्हाटीचे चित्र पाठवून उपयोग नाही. फुलोऱ्यात असताना पाकळ्या न उमललेल्या डोमकळ्या शोधून त्यांचे चित्र घ्यावे. पुढे वावरातील वेगवेगळ्या भागांतून 20 हिरवी बोंडे तोडून पोत्यावर ओळीने मांडावीत आणि एक चित्र घ्यावे. नंतर ती सर्व फोडून त्याच क्रमाने मांडावीत व दुसरे चित्र घ्यावे. म्हणजे 20 पैकी किती किडली, हे कोणालाही मोजता येते. कामगंध सापळ्यातील पतंगही रोज सकाळी कागदावर काढून, कागदावर तारीख लिहून टिपावेत. सलग 3 रात्री सापळ्यामागे रोज 8 किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाययोजनेची वेळ आली असे समजावे.

चित्रफीत कशी घ्यावी?

पीक कोठवर बाधित आहे, हे दाखवायला चित्रफीत चांगली. टॅब नेहमी आडवा धरावा. सुरुवातीला 3 ते 4 सेकंद स्थिर राहावे आणि मग पाण्याचा घडा डोक्यावर असल्याप्रमाणे हळू वळावे. चालता-चालता चित्रण करू नये. त्याऐवजी तीन ठिकाणी थांबून प्रत्येकी 10 ते 15 सेकंदांचे चित्रण करावे. एकूण लांबी एक मिनिटाहून जास्त नसावी. मोठी चित्रफीत जागा खाते आणि खेड्यातील नेटवर्कवर पुढे सरकत नाही.

वाऱ्याकडे पाठ करून स्पष्ट बोलावे. गाव, पीक व वाण, पेरणीची तारीख, दिलेले खत, केलेल्या फवारण्या आणि लक्षण प्रथम कधी दिसले, एवढे सांगितले की पुरे. निदानाचे निम्मे काम या माहितीने होते.

पाठविताना

व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठविलेले छायाचित्र आकाराने लहान होते व त्यातील बारकावे हरवतात. म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. मूळ चित्र टॅबमधून लगेच पुसू नये. ते गावचे सहाय्यक कृषी अधिकारी किंवा सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना दाखवावे. किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या निःशुल्क क्रमांकावर बोलतानाही समोर चित्र उघडे असले, तर लक्षण नेमके सांगता येते. केंद्र सरकारने 15 ऑगस्ट 2024 रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड निगराणी प्रणालीत छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे. मात्र यंत्रालाही धूसर चित्रातून कीड दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पुरावा म्हणून छायाचित्र

ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. यात पिकाचे छायाचित्र आपल्याच वावरात उभे राहून घ्यावे लागते, कारण त्यासोबत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. सर्व टॅबमध्ये जीपीएसची सोय नसते. तेव्हा आपल्या टॅबमध्ये ती आहे का, हे अगोदर पाहावे आणि नसल्यास या कामासाठी मोबाईल वापरावा. ही नोंद टाळू नये. 2025 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाकडे हमीभावाने कापूस विकण्यासाठी सातबाऱ्यावर कापसाची नोंद असणे आवश्यक ठरले, हे उदाहरण पुरेसे आहे.

रोही किंवा रानडुकरांनी नुकसान केल्यास त्याच दिवशी पायांचे ठसे, मोडलेली झाडे व धुऱ्यावरील एखादी कायम खूण, जसे विहीर किंवा झाड, एकाच चौकटीत येईल असे चित्र घ्यावे आणि वन विभागाकडे लगेच अर्ज करावा. विलंबाने पुरावाही पुसतो आणि हक्कही.

बियाण्याची पिशवी, तिच्यावरील लेबल व पावती यांचे चित्र पेरणीच्याच दिवशी घ्यावे. उगवण झाली नाही तर तक्रारीसाठी ते लागते. फवारणीस निघण्यापूर्वी औषधाच्या डब्यावरील लेबलचे चित्र घेऊन घरच्यांना पाठवून ठेवावे. दुर्दैवाने कोणाला विषबाधा झालीच, तर कोणते औषध होते हे डॉक्टरांना तत्काळ कळते आणि उपचारातील मोलाचा वेळ वाचतो.

टॅबची निगा

फवारणी करताना टॅब जवळ ठेवू नये आणि औषधाचे हात धुतल्याशिवाय त्याला लावू नयेत. उन्हात किंवा दुचाकीच्या डिक्कीत तो तापतो, म्हणून सुती पिशवीत सावलीला ठेवावा. पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी सोबत असू द्यावी. विजेचा भरवसा नसतो, तेव्हा तो रात्रीच चार्ज करून ठेवावा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या कामात घरातील मुलामुलींना सोबत घ्यावे. टॅब त्यांना आपल्यापेक्षा चांगला चालवता येतो आणि पीक आपल्याला त्यांच्यापेक्षा चांगले कळते. आठवड्यातून एक दिवस ठरवावा, वावरातील त्याच पाच जागांवर उभे राहून त्याच दिशेने छायाचित्रे घ्यावीत आणि तारखेनुसार जपून ठेवावीत. हंगामाअखेरीस ही चित्रे ओळीने पाहिली, तर पिकाला पाण्याचा ताण कधी बसला, कीड कधी आली आणि कोणती फवारणी उपयोगी पडली, हे आपले आपल्यालाच उमगेल. पुढच्या हंगामाचे नियोजन करताना याहून चांगली नोंदवही दुसरी नाही. येत्या आठवड्यापासूनच या कामास सुरुवात करावी, ही विनंती.