समासातील दुरुस्ती
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात कशेळे येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी 'चार शब्द बोला' अशी आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले साधे प्राथमिक शिक्षक. विद्वत्तेचे भाषण आमच्या हातून व्हावयाचे नाही. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी जो प्रसंग गुदरला, तो सांगितल्यास इतर कुटुंबांचा काही त्रास वाचेल, असे वाटल्यावरून उभे राहण्याचे धाडस केले आहे. आपली मुले आता कर्जतहून गाडी धरून मुंबईस नोकरीला जाण्यावर थांबत नाहीत. ती परदेशीही पोचली आहेत, आणि मागाहून आईबापांस बोलावीत आहेत. म्हणून हा विषय आता घरोघरचा होऊ लागला आहे.

आमचे चिरंजीव कॅनडात स्थायिक आहेत. आम्हां उभयतांस कायमचे तिकडे नेण्यासाठी त्यांनी सरकारकडे अर्ज केला. अर्जातील प्रश्न ते दूरध्वनीवरून विचारीत आणि आम्ही उत्तरे देत असू. 'आईने पूर्वी दुसरे कोणते नाव वापरले आहे काय?' असा एक प्रश्न आला. आम्ही क्षणाचाही विचार न करता 'नाही' म्हणून मोकळे झालो. अर्ज रवाना झाला. पंधरा दिवसांनी आमच्या सौभाग्यवती अर्जाची प्रत चाळीत असता म्हणाल्या, "अहो, माझं माहेरचं नाव यात कुठंच कसं नाही?"

लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने त्यांचे नवे नाव आम्हीच लिहिले होते. त्या दिवसापासून जुने नाव घरातून इतके पुसले गेले की, ते कधी होते याचीही आम्हांस आठवण राहिली नाही! आणि त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच माहेरचे नाव होते. तो दाखला अर्जासोबत आम्हीच जोडला होता. म्हणजे आमच्या 'नाही'च्या विरुद्ध साक्षीदार आम्हीच उभा केला होता.

त्यानंतरच्या काही रात्री कशा गेल्या, ते आमचे आम्हांस ठाऊक. आपल्या एका शब्दाने मुलाच्या नावाला बट्टा लागेल काय? नातवंडांची भेट कायमची अंतरेल काय? एका परिचिताने सल्ला दिला, "गुरुजी, गप्प बसा. एवढे कागद कोण वाचतो?" खोटे कशाला सांगू, तो सल्ला आम्हांस क्षणभर गोड वाटला.

चिरंजीवांनी कायदा पाहून आम्हांस समजावून दिला. कॅनडाच्या २००१ सालच्या कायद्याचे ४० वे कलम असे आहे की, निर्णयावर परिणाम करणारी माहिती खोटी दिली अथवा दडविली, तर पाच वर्षे त्या देशात प्रवेश मिळत नाही. २०१४ पर्यंत ही मुदत दोन वर्षांची होती. अमेरिकेच्या कायद्यात असत्य विधान जाणूनबुजून केलेले असावे लागते. कॅनडात मात्र 'माझ्या मनात कपट नव्हते' एवढ्यावर सुटका होईलच असे नाही. प्रामाणिक चुकीला तेथील न्यायालये सवलत देतात, परंतु तिची वाट अरुंद आहे. समज प्रामाणिक असून भागत नाही, ती वाजवीही असावी लागते. स्वतःच्या पत्नीचे माहेरचे नाव ठाऊक नव्हते, असे कोणत्या तोंडाने सांगावे? मात्र निर्णय होण्यापूर्वी आपली चूक आपणहून कळविण्याची सोय तेथील खात्याने ठेवलेली आहे.

याच सुमारास आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. त्यालाही बायकामुलांसह परदेशी जावयाचे होते. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्याचा जन्म ऑक्टोबरातला. आईही नवरात्रातला म्हणून सांगते. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून! तो म्हणाला, "गुरुजी, तिथल्या साहेबाला मी काय सांगू? खोटं कोण बोललं?"

बंधुभगिनींनो, आम्हांस उत्तर सुचेना. कारण ती तारीख आमच्याच हातची होती. त्या काळी मूल शाळेत घालावयास आणणारा बाप सांगे, 'लावणीच्या दिवसांतला आहे,' 'गौरी-गणपतीच्या आधीचा आहे.' कागद कोणापाशी नसे. शाळा जूनमध्ये सुरू होई, वय भरलेले दिसणे आवश्यक असे. म्हणून आम्ही १ जून लिहीत असू. महाराष्ट्रात असे १ जूनचे वाढदिवस गावोगाव आहेत. त्यात आमचा स्वार्थ नव्हता. पोर शाळेबाहेर राहू नये एवढाच हेतू होता. तरीपण चूक ती चूकच, आणि तिचा भार आज त्या मुलांच्या माथी पडला आहे. सभेत बसलेल्या ज्या कोणाच्या दाखल्यावर आमच्या हातचा १ जून असेल, त्याची आम्ही आज जाहीर क्षमा मागतो.

त्या विद्यार्थ्यास आम्ही स्वहस्ते खुलासा लिहून दिला की, ही तारीख शिक्षकाने अंदाजाने घातली आहे, मुलाने वा पालकाने खोटी सांगितलेली नाही. मूळ नोंद ज्याच्या हातची, खुलाशाखालीही त्याचीच सही असावी. तो कागद लिहून होताच आमचाही निर्णय झाला. दुसऱ्यास खुलासा देणाराने स्वतःची चूक कशी दडवावी?

आपल्या देशाच्या १९६९ सालच्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यातील १५ वे कलम आम्हांस फार बोधप्रद वाटते. नोंद चुकीची ठरली तर निबंधकाने मूळ नोंद न बदलता समासात दुरुस्ती लिहावी, तीखाली सही करावी आणि तारीख घालावी. चूकही दिसते, सुधारणाही दिसते, आणि सुधारणारा कोण तेही दिसते. खाडाखोड करून वर नवे अक्षर गिरविणे हा लबाडीचा मार्ग. समासात लिहून सही करणे हा सचोटीचा. चूक नजरेस पडेपर्यंत ती प्रामाणिक असते. नजरेस पडल्यावर जो गप्प बसतो, त्याची तीच चूक अप्रामाणिक होते.

आम्ही तसेच केले. चूक काय, ती कशी झाली आणि खरे काय, हे तीन परिच्छेदांत लिहिले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडला. आणि चिरंजीवांनी ते खात्याकडे पाठविले. अर्जाचा निकाल अद्याप लागलेला नाही. तो काय लागेल ते सांगता येत नाही. परंतु त्या रात्री आम्ही उभयता स्वस्थ झोपलो.

अनुभवाचे चार बोल सांगून पुरे करतो. अर्ज भरण्यापूर्वी घरातील सर्व कागद एका ओळीत मांडून नावे व तारखा ताडून पाहाव्या. आपल्या स्त्रियांची माहेरची नावे न विसरता लिहावी. जुन्या दाखल्यावर जिल्हा कुलाबा आणि नव्यावर रायगड दिसल्यास घाबरू नये. १९८१ साली जिल्ह्याचे नाव बदलले, एवढा खुलासा जोडावा. कोऱ्या अर्जावर सही करून तो दलालाच्या हाती देऊ नये. त्याने काहीही लिहिले तरी जबाबदारी आपली. अर्जाची प्रत घरी ठेवावी. पत्नी अथवा अपत्य यांचा उल्लेख कधीही गाळू नये. कॅनडाच्या नियमांत गाळलेल्या माणसास पुढे कुटुंबीय म्हणून बोलावणे बिकट होते. आणि एवढे करूनही चूक राहिलीच, तर ती दिसताच कळवावी. कुढत बसू नये.

भिऊन लपविण्यापेक्षा सही करून कबूल करणे, हाच वळसा आपल्या मुलांनी आपल्याकडून गिरवावा, अशी आमची इच्छा आहे.