दिवाळीचा टीव्ही



आज फळा पुसून ठेवला आहे. आज धडा नाही. आज चार व्यवहाराच्या गोष्टी बोलायच्या आहेत.

दसरा झाला. दिवाळी तोंडावर आली. सोयाबीन विकून कोणाच्या हाती दोन पैसे आले आहेत. तालुक्याच्या गावी दुकानांवर तोरणे लागली आहेत. ‘टीव्हीवर भारी सूट’ अशा पाट्या झळकत आहेत. आपल्यापैकी तिघाचौघांनी मला विचारले, “गुरुजी, भिंतीवरचा टीव्ही घ्यावा म्हणतो. कसा घ्यावा?”

उत्तर देण्याआधी माझीच फजिती सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

गेल्या दिवाळीत मी टीव्ही घ्यायला गेलो. खोक्यावर किंमत होती २८,००० रुपये. दुकानदार म्हणाला, “सणाचा भाव १६,०००.” मी खूश झालो. मग तो म्हणाला, “गुरुजी, रोख कशाला देता? बिनव्याजी हप्ता घ्या. महिन्याला फक्त १,५०० रुपये.” दुकानात गर्दी होती. मागे माणसे ताटकळत उभी होती. त्याने कागद पुढे केले. मी चार ठिकाणी सह्या ठोकल्या. एक ओळ वाचली नाही.

टीव्ही घरी आला. संध्याकाळी शेजारच्या आक्का बघायला आल्या. तुम्ही त्यांना ओळखता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या अंगठा लावत होत्या. आता कागद दिसला की वाचून बघतात. खाटेवर ते कागद पडले होते. त्यांनी एक उचलला आणि अक्षर जुळवत वाचू लागल्या, “प्र-क्रि-या शुल्क, ६०० रुपये. हे काय हो गुरुजी?” पुढे वाचले, “हप्ते १२.” मग त्यांनी बोटांवर हिशोब केला. “बारा पंधरा एकशेऐंशी. म्हणजे १८,०००. वर ६००. अठरा हजार सहाशे झाले की! तुम्ही तर सोळा म्हणालात.”

मंडळी, मी गप्प बसलो. ३६ वर्षे मी मुलांना वाचायला शिकवले. पण सही करताना मीच वाचले नाही. ज्याला वाचता येते आणि जो वाचत नाही, त्याची सही अंगठ्यासारखीच! पुढे एका महिन्यात पेन्शन उशिरा आली. खात्यात पैसे नव्हते. हप्ता चुकला आणि ५०० रुपये दंड बसला. सोळा हजारांचा टीव्ही मला १९,१०० रुपयांना पडला.

म्हणून माझे पहिले सांगणे हे. दुकानात दोनच प्रश्न आधी विचारा. “रोख दिले तर किती? हप्त्याने सगळे मिळून किती?” दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. मोठ्यातून लहान वजा करा. जे उरेल ते व्याज. त्याला नाव काहीही देवोत. रिझर्व्ह बँकेनेही २०१३ साली बँकांना सांगितले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. आणखी एक ध्यानात ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून असे कर्ज देताना सर्व खर्च एका कागदावर मांडून द्यावा लागतो. तो कागद आपल्याला समजेल अशा भाषेत हवा. तो मागून घ्या. वाचा. मगच सही करा.

आता सूट म्हणजे काय ते पाहू. खोक्यावर छापलेली किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते. तिच्यात सगळे कर धरलेले असतात. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. कमी मात्र घेता येतो. पुष्कळदा ती किंमत मुळातच फुगवून छापलेली असते. मग ‘इतकी सूट’ म्हणायला सोपे जाते. म्हणून सूट किती हे पाहू नका. तोच टीव्ही, त्याच नंबरचा, दुसऱ्या दोन दुकानांत केवढ्याला आहे ते पाहा. घरातल्या पोराला फोनवरचा भावही बघायला सांगा.

कराचेही सांगतो. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवर पूर्वी शंभराला २८ रुपये कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ रुपये झाला. ३२ इंच आणि त्याहून लहान टीव्हीवर तो आधीपासूनच १८ होता. तेव्हा ३२ इंची टीव्हीवर कोणी ‘नव्या कराची सूट’ म्हणाले तर हसून सोडून द्या.

हे इंच कसे मोजतात? रुंदी नव्हे, उंचीही नव्हे. काचेच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. ३२ इंची टीव्ही रुंदीला सुमारे २८ इंच भरतो. घरून निघताना भिंत मोजून घ्या. बसायची जागाही मोजा. साधारण हिशोब असा की, टीव्हीच्या इंचांच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर बसावे. म्हणजे ३२ इंचीला चार ते साडेपाच फूट. ४३ इंचीला साडेपाच ते सात फूट. खोली लहान असेल तर भला मोठा पडदा डोळ्यांवर येतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, आणि खोली पाहून टीव्ही घ्यावा.

दुकानदार ‘फुल एचडी’, ‘फोर के’ असे शब्द बोलतो. घाबरू नका. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते, आपल्या अंगणातल्या रांगोळीसारखे. ठिपके जास्त, तर चित्र रेखीव. ‘फुल एचडी’त सुमारे २० लाख ठिपके असतात. ‘फोर के’त सुमारे ८३ लाख. पण छत्रीवरून येणारे चित्रच साधे असेल, तर जास्त ठिपक्यांचा पुरा फायदा होत नाही. तसेच ‘स्मार्ट’ टीव्हीला इंटरनेट लागते. मोबाईलचा दिवसाचा डेटा मोठ्या पडद्यावर तास-दोन तासांत संपू शकतो. दर महिन्याचा हा खर्च आधी धरा. दूरदर्शनच्या फ्री डिशला मात्र महिन्याचे पैसे पडत नाहीत. छत्री आणि पेटी एकदाच घ्यावी लागते.

विजेचा हिशोब सोपा आहे. ५० वॅटचा टीव्ही रोज ५ तास चालला, तर महिन्याला साडेसात युनिट जळतात. टीव्हीवरच्या पट्टीवर तारे छापलेले असतात. तारे जास्त, तर वीज कमी.

पैसे दिले की पक्के बिल घ्या. “बिल नको, थोडे कमी करतो,” असे म्हटले तरी भुलू नका. बिलावर टीव्हीचा नंबर आणि तारीख पाहिजे. वॉरंटीच्या कागदावर दुकानाचा शिक्का घ्या. दुरुस्तीचा माणूस गावात येतो का, ते विचारा. खोके आपल्यासमोर उघडायला लावा. टीव्ही चालू करून बघा. गाडीवर आणताना तो उभाच धरा, आडवा टाकू नका, काच तडकते. धक्क्याने फुटलेली काच बहुधा वॉरंटीत भरून मिळत नाही. आकाशात कडकडाट होऊ लागला की पिन काढून ठेवा.

इतके करूनही फसवणूक झाली तर? रडत बसू नका. १९१५ या नंबरावर फोन करा. ही सरकारची ग्राहकांसाठीची सोय आहे. तिथे मराठीतही बोलता येते. तेवढ्याने भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी नाही. पण तिथे बिल लागते. बिल नाही, तर बोलणे वाऱ्यावर!

शेवटी आक्कांचे सांगतो. परवा त्या स्वतः टीव्ही बघायला तालुक्याला गेल्या होत्या. पिशवीत मोजपट्टी होती. दुकानदाराने हप्त्याचा कागद पुढे केला. आक्का बाकावर बसल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. तो म्हणाला, “मावशी, सही करा, मागे लोक आहेत.” आक्का म्हणाल्या, “त्यांना आधी घे. मला वेळ लागतो. पण वाचल्याशिवाय मी सही करत नाही.”

त्या टीव्ही न घेताच परत आल्या. मी विचारले, “का हो आक्का?” त्या म्हणाल्या, “रोखीला दोन हजार कमी पडतात. संक्रांतीपर्यंत जमतील. ऋण काढून सण कशाला? तोवर तुमच्याकडे येतेच की बघायला.”

मंडळी, सण दर वर्षी येतो. दुकान कुठे पळून जात नाही. तुम्ही कष्टाने अक्षरे शिकलात. ती सहीच्या वेळी वापरा. माझ्यासारखा चष्मा खिशात ठेवून सही करू नका.

दिवाळी सुखाची जावो. नमस्कार.