आळिंबीच्या खोलीतील हवा : पंख्याची निवड आणि वायुवीजन



शेतीचा विचार करताना जमीन, पाणी आणि बियाणे या तीन गोष्टींचे स्मरण प्रथम होते. हवेचा विचार सहसा कोणी करीत नाही. कारण उघड्या रानात ती विपुल असते व विनामूल्य मिळते. तथापि, जे पीक चार भिंतींच्या आत घ्यावयाचे, त्याला हवादेखील पाण्याप्रमाणे मोजून द्यावी लागते. धिंगरी आळिंबी हे असेच एक पीक होय.

या पिकाला जमिनीचा तुकडा लागत नाही. भाताचा पेंढा, गव्हाचे काड किंवा सोयाबीनचे कुटार, स्वच्छ पाणी आणि एक सावलीची खोली एवढ्या भांडवलावर ते उभे राहू शकते. म्हणूनच भूमिहीन कुटुंबे व महिला बचत गट यांच्यासाठी त्याची शिफारस केली जाते. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९८३ मध्ये आळिंबीच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. महाराष्ट्रात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात या विषयावर संशोधन व प्रशिक्षणाचे कार्य चालते. व्यवस्था चांगली असल्यास एक किलो वाळलेल्या काडापासून अर्धा ते पाऊण किलो ताजी आळिंबी मिळू शकते. पहिल्याच खेपेत पीक बिघडले, तर मात्र लहान गटाची पुंजी बुडते. दोष बियाण्याला दिला जातो आणि धंदा बंद पडतो. अशा वेळी खरे कारण अनेकदा बियाण्यात नसून खोलीच्या कोंदट हवेत असते. यास्तव हा विषय वरवर क्षुल्लक वाटला, तरी अनेकांच्या उपजीविकेशी निगडित आहे.

आळिंबीचा श्वासोच्छ्वास

हिरवी झाडे सूर्यप्रकाशात कर्बवायू घेतात व प्राणवायू सोडतात. आळिंबी ही बुरशीच्या वर्गातील असल्याने तिचा व्यवहार माणसासारखा आहे. ती प्राणवायू घेते आणि कर्बवायू, उष्णता व बाष्प बाहेर टाकते. मोकळ्या हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे प्रमाण आज सुमारे सव्वाचारशे भाग असते. पिशव्यांनी भरलेल्या बंद खोलीत ते काही तासांतच अनेक पटींनी वाढते.

या वाढीचा परिणाम पिकाच्या अवस्थेवर अवलंबून आहे. पिशवी भरल्यानंतरचे पहिले पंधरा ते वीस दिवस बुरशीचे पांढरे तंतू काडात पसरत असतात. या काळात कर्बवायू वाढला तरी पिकाची हानी होत नाही. खोली बंद व अंधारी ठेवलेली चालते. उष्णता साचू न देण्याइतकीच हवा पुरते. पिशवी उघडल्यानंतर मात्र चित्र पालटते. टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसू लागताच पिकाला मुबलक ताजी हवा हवी असते. कर्बवायूचे प्रमाण दहा लाखांत हजार भागांच्या आत राहिले पाहिजे. ते वाढल्यास देठ लांबतात, छत्री लहान राहते व माल बाजारात उतरत नाही. त्याच वेळी खोलीतील आर्द्रता ८० ते ९० टक्के आणि तापमान साधारणतः २० ते ३० अंश सेल्सिअस ठेवावे लागते.

येथेच खरी अडचण आहे. ताजी हवा आत घ्यावी तर ओलावा निघून जातो. ओलावा राखावा तर हवा कोंडते. या दोहोंचा मेळ घालणे म्हणजेच वायुवीजन.

फिरविणे वेगळे, बदलणे वेगळे

पंखा फिरत आहे म्हणजे हवा मिळत आहे, असा समज सर्वत्र आढळतो. छताचा पंखा खोलीतील तीच हवा घुसळतो. ती बदलत नाही. शिवाय तो शिंकाळ्यात टांगलेल्या वरच्या पिशव्या सुकवितो आणि आळिंबीचे बीजाणू खोलीभर उडवितो. म्हणून आळिंबीच्या खोलीत छताचा पंखा लावू नये.

हवा बदलण्यासाठी भिंतीत बसणारा, हवा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट पंखा हवा आणि त्याच्या समोर हवा आत येण्यासाठी झरोका हवा. दोहोंपैकी एक नसेल तर दुसरे व्यर्थ ठरते. खोलीच्या कोपऱ्यांत हवा साचत असेल, तर एखादा लहान पंखा मंद गतीने चालवावा. त्याचे तोंड पिशव्यांकडे न करता भिंतीकडे करावे, म्हणजे भिंतीवर आपटून हवा सौम्यपणे पसरते.

पंख्याचे गणित

पंख्याची निवड पात्याच्या लांबीवरून न करता तो तासाला किती घनमीटर हवा ओढतो, यावरून करावी. हा आकडा पंख्याच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. समजा, खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद व ९ फूट उंच आहे. तिचे घनफळ १,०८० घनफूट, म्हणजे सुमारे ३० घनमीटर होते. दर दहा मिनिटांनी एवढी हवा बाहेर जावी असे ठरविल्यास तासाला सहा फेऱ्या, म्हणजे १८० घनमीटर हवा ओढली पाहिजे. जाळी, धूळ व पडदे यांच्या अडथळ्यामुळे पंख्याची क्षमता घटते. त्यासाठी एक तृतीयांश वाढ धरल्यास २४० घनमीटर क्षमतेचा पंखा योग्य ठरतो. घरगुती वापराच्या लहान एक्झॉस्ट पंख्याने हे काम भागू शकते.

‘मोठा पंखा घेतलेला बरा’ हा विचार येथे घातक आहे. बारा इंची पंखा तासाला हजार घनमीटरांहून अधिक हवा ओढतो. वर घेतलेल्या खोलीची हवा तो तासाला तीसहून अधिक वेळा बाहेर फेकील आणि कोवळे अंकुर पाहता पाहता वाळतील.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोलीच्या घनफळाइतकी हवा एकदा ओढली म्हणजे सर्व जुनी हवा गेली असे होत नाही. नवी हवा जुनीत मिसळत असते. त्यामुळे एका फेरीत जुन्या हवेचा सुमारे ६३ टक्के भाग बाहेर जातो व दुसऱ्या फेरीअखेर तो सुमारे ८६ टक्के होतो. म्हणून पंखा पाच मिनिटे चालवून बंद करणे पुरेसे नसते. दर तासाला पंधरा-वीस मिनिटे चालवून आरंभ करावा व पिकाची लक्षणे पाहून वेळ कमी-अधिक करावा. स्वयंचलित टायमर बसविल्यास हे काम माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही.

मांडणी व बांधणी

पंखा आणि झरोका समोरासमोरच्या भिंतींवर, शक्य तितके दूर व तिरप्या रेषेत असावेत. झरोका वरच्या बाजूस असेल तर पंखा जमिनीपासून फूट-दीड फुटावर बसवावा. कर्बवायू हवेपेक्षा जड असतो व स्तब्ध खोलीत खालच्या थरात रेंगाळू शकतो. खालचा पंखा तो ओढून नेतो. पंखा व झरोका एकाच भिंतीवर जवळजवळ असल्यास हवा आखूड वाटेने निघून जाते आणि उरलेली खोली कोंदटच राहते.

झरोक्याचे क्षेत्रफळ पंख्याच्या तोंडाच्या निदान दुप्पट असावे, कारण बारीक जाळी हवेला अडविते. जाळी मात्र टाळता येणार नाही. आळिंबीवरील माश्या तिच्यावाचून आत शिरतात. एक्झॉस्ट पंखा चालू असताना दाराच्या व खिडक्यांच्या फटींतूनही हवा आत ओढली जाते, म्हणून त्या फटी बुजवाव्यात. जेथे लांब नळीतून अथवा दाट गाळणीतून हवा ओढावयाची असेल, तेथे साधा पात्यांचा पंखा अपुरा पडतो. तेथे ब्लोअर वापरावा.

आळिंबीच्या खोलीत सदैव दमटपणा असल्याने पंख्याची मोटर बंदिस्त व पाती न गंजणारी असावीत. बटणे खोलीबाहेर बसवावीत. अर्थिंग पक्के असावे व वीजगळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण मंडलावर अवश्य बसवावे. ओल्या हातांनी काम करणाऱ्या स्त्रियांच्या जीविताचा हा प्रश्न आहे. या बाबीत काटकसर करू नये.

ऋतू व प्रदेश यांचा विचार

कोकणात पावसाळ्यात बाहेरची हवाच ओलसर असते. तेथे पंखा अधिक वेळ चालविला तरी पीक सुकत नाही. पाण्याची फवारणी मात्र बेतानेच करावी लागते. विदर्भ व मराठवाड्यात फाल्गुनापासून हवा कोरडी व तप्त होते. तेथे झरोक्यावर ओले गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा लावावा. त्यातून येणारी हवा थंड व ओलसर होऊन आत येते. विदर्भात घरोघरी असणारा कूलर झरोक्याच्या जागी बसविला, तर हेच काम तो अधिक चांगले करतो. मात्र समोरच्या भिंतीतून हवेला बाहेर पडण्यास वाट ठेवली पाहिजे. ऐन वैशाखात एवढे करूनही तापमान आटोक्यात येत नसेल, तर त्या काळात पीक न घेणेच शहाणपणाचे ठरते.

पिकाची भाषा

महागडी उपकरणे नसली तरी पीक स्वतःच आपली अवस्था सांगते. देठ लांब व छत्री लहान दिसल्यास ताजी हवा कमी पडत आहे असे समजावे. छत्रीच्या कडा वाळून तडकल्या किंवा अंकुर करपले, तर वारा जास्त अथवा ओलावा कमी आहे. छत्रीवर पिवळसर-तपकिरी ओलसर डाग पडले, तर पाणी फार वेळ साचून जिवाणूंचा उपद्रव झाला आहे. हा उपद्रव टाळण्यासाठी आधी फवारणी व नंतर पंखा हा क्रम पाळावा, म्हणजे छत्रीवरील पाण्याचा थर लवकर सुकतो. खोलीत आर्द्रतामापक अवश्य टांगावा. त्याची किंमत फार नसते.

पिशव्या ठेवण्यापूर्वी खोलीची परीक्षा उदबत्तीने करता येते. पंखा चालू करून पेटती उदबत्ती प्रत्येक कोपऱ्यात धरावी. धूर पंख्याच्या दिशेने हळूहळू सरकला, तर हवा फिरत आहे. तो एकाच जागी घोटाळत राहिला, तर त्या कोपऱ्यात पिशव्या ठेवू नयेत किंवा झरोक्याची जागा बदलावी.

आरोग्याची काळजी

वायुवीजन हे पिकाइतकेच काम करणाऱ्यांसाठीही आवश्यक आहे. पक्व धिंगरी असंख्य सूक्ष्म बीजाणू हवेत सोडते. दररोज ते श्वासावाटे आत गेल्यास खोकला, ताप व दम लागणे असा विकार काहींना जडतो. छत्रीच्या कडा वर वळण्यापूर्वीच काढणी केल्यास बीजाणू कमी सुटतात. काढणीपूर्वी पंखा पंधरा मिनिटे चालवावा आणि तोंडावर चांगल्या प्रतीचा मास्क बांधावा. बरेच दिवस बंद असलेल्या खोलीचे दार उघडून काही वेळ जाऊ द्यावा व मगच आत प्रवेश करावा.

गावपातळीवरील कर्तव्य

ग्रामपंचायत एखाद्या गटाला वापरात नसलेली खोली देते, तेव्हा तिच्या समोरासमोरच्या भिंतींत झरोके काढता येतील काय, हे आधी पाहावे. प्रकल्पाचे अंदाजपत्रक तपासणाऱ्या अधिकाऱ्याने मांडणी व पिशव्या यांच्या खर्चाबरोबरच पंखा, टायमर, जाळी व सुरक्षित वीजजोडणी यांचा समावेश असल्याची खात्री करून घ्यावी. या बाबींचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने अल्प असतो. त्या वगळल्यास उरलेला सर्व खर्च धोक्यात येतो. शिक्षकांनाही येथे कार्य आहे. घनफळ काढणे व तासाला किती हवा लागेल याचा हिशेब करणे हे माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याच्या आवाक्यातील गणित आहे. गावातील आळिंबीच्या खोलीचे माप विद्यार्थ्यांनी घेतले आणि पंख्याची क्षमता काढून दिली, तर पुस्तकातले गणित गटाच्या कामी येईल आणि गटालाही दुकानदाराच्या अंदाजावर विसंबून राहावे लागणार नाही.