मुक्त झालेली पुस्तके आणि आपण

आपल्या ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ साली गेले. रवींद्रनाथ ठाकूरही त्याच साली. तेव्हाच्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी स्वामित्वहक्क संपे. दोघांचेही लेखन १९९२च्या आरंभी मुक्त व्हायचे होते. रवींद्रनाथांच्या साहित्यासाठी ही मुदत साठ वर्षांची झाली आणि तांब्यांची कविताही आणखी दहा वर्षे थांबली. २००२पासून ती सर्वांची आहे. कोणीही छापावी, गावी, मोबाइलवर ठेवावी.

पण माझा विद्यार्थी मोबाइलवर मराठी पुस्तक शोधतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा हयात लेखकाची चोरटी पीडीएफ येते, भोवती जाहिरातींची गर्दी. वाचकाला ती फुकट वाटते. जाहिरातींचे पैसे मात्र ती चढवणाऱ्याला मिळतात, लेखकाला छदामही नाही. मराठी पुस्तकाचे दुकान ज्याच्या गावात नाही, त्याला मी चोर म्हणणार नाही. त्याची गरज खरी आहे, तसा लेखकाचा हक्कही खरा आहे.

म्हणून अकादमीला माझी विनंती आहे : मुक्त झालेली पुस्तके शुद्ध पाठासह, जाहिरातींविना सर्वांना द्यावीत, हयात लेखकांची ई-पुस्तके मानधन देऊन घ्यावीत. कायद्याने साठ वर्षे थांबवले. त्यापुढचा उशीर आपलाच आहे.