एका चिमणीचा प्रश्न



बक्षीस समारंभात गुणांविषयी पुष्कळ बोलले जाते. मी आज एका प्रश्नाविषयी चार शब्द सांगणार आहे.

सालिम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. लहानपणी एकदा त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी? मामांना सांगता येईना, पण त्यांनी मुलाला गप्प बसविले नाही. त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, पेंढा भरलेले असंख्य पक्षी दाखविले आणि वाचायला पुस्तके दिली.

पुढची वाट सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नसल्याने एक सरकारी जागा हुकली. जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून १९३० साली परतले, तो मुंबईतली नोकरीच रद्द झालेली! मग अलिबागजवळच्या किहीम गावी बिऱ्हाड नेले. पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची घरटी विणणे सुरू झाले आणि हा बेकार माणूस तासन्‌तास ते पाहून टिपणे करू लागला.

त्यांना काय दिसले? घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले की मादी येऊन पारखते. पसंत पडले तर ती राहते. नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या घरट्याला हात घालतो. नापसंत घरटे तसेच लोंबकळत राहते. शेताच्या बांधावर ही अर्धवट घरटी आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांचे कारण आपल्यापैकी कितीजणांनी विचारले?

त्याच सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ साली निघाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९८७ साली ते गेले, तोवर पक्षी पाहणे थांबले नव्हते.

पालकहो, "पक्षी बघून पोट भरणार का?" असे आपण सहज बोलून जातो. उत्तर येत नसेल तर त्यात कमीपणा नाही. मामांनाही आले नव्हते. मुलगा असो वा मुलगी, तिला जाणत्याकडे पाठवा. आणि मुलांनो, येत्या पावसाळ्यात एक वही घ्या. गावाबाहेरच्या बाभळीवर पुरी घरटी किती, अर्धी किती, ते मोजा. अल्लाहची कुदरत डोळे उघडे ठेवणाऱ्यालाच दिसते.