नकला करणारे विकर

राहुरी-संगमनेरकडच्या डाळिंबवाल्याला ‘तेल्या’ म्हटलं की धडकी भरते. फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं आणि हाताशी आलेला बहार जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेली ‘भगवा’ जातही त्यातून सुटत नाही. खरी फसगत होते ती रोपे घेताना. गुटी कलम दिसायला हिरवंगार. पण आत झँथोमोनास नावाचे जिवाणू दडलेले असू शकतात. ते ओळखायचे कसे?

प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनए नावाचा दुपदरी धागा असतो. त्याची नक्कल करणारे विकर, म्हणजे डीएनए पॉलिमरेज, आर्थर कोर्नबर्ग यांनी १९५६ साली शोधले. १९५९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या विकराची एक खोड आहे. त्याला कोऱ्या पाटीवर सुरुवात करता येत नाही. गुरुजींनी पहिली अक्षरे काढून द्यावीत, मग पोराने पुढे लिहावं, तसं त्याचं आहे. १९८३ साली कॅरी म्युलिस यांनी नेमका याच खोडीचा उपयोग केला. जंतूच्याच डीएनएशी जुळतील असे दोन आखूड तुकडे विकराला सुरुवात म्हणून द्यायचे. पानातून काढलेल्या डीएनएत जंतूचा धागा असेल, तरच ते जुळतात आणि नक्कल होते. दोनाच्या चार, चाराच्या आठ. तीस फेऱ्यांत, हिशेबाने, शंभर कोटींवर! मग न दिसणारं दिसू लागतं.

अडचण एकच होती. दर फेरीला धाग्याचे पदर उलगडण्यासाठी सुमारे ९५ अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते. त्यात साधे विकर निकामी होते. अमेरिकेतील यलोस्टोनच्या उन्हाळ्यात, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यात, राहणाऱ्या जिवाणूचे ‘टॅक’ विकर ही उष्णता सोसते. मात्र ते आपली चूक तपासत नाही. जंतू आहे की नाही, एवढंच पाहायला ते पुरते; अक्षरन् अक्षर बिनचूक हवं असेल, तर स्वतःची चूक सुधारणारे ‘पीएफयू’ विकर घेतात.

पण एवढं ध्यानात ठेवा. ही तपासणी मेलेल्या जंतूचा धागाही दाखवते, आणि आज निर्मळ ठरलेल्या रोपाला उद्या शेजारच्या बागेतून तेल्या लागू शकतो. तेव्हा कलम घेताना नुसता हिरवेपणा पाहू नका. मातृवृक्ष कोणता, त्याची तपासणी झाली आहे का, हे आधी विचारा. पैसे नंतर मोजा.